लाव्याच्या पाठीचा रंग

"मला हेवाबिवा काही वाटत नाही, मला फक्त तो तपकिरी रंग आवडला नाही," असं ऑर्फा हार्लन एका सकाळी आपल्या व्हरांड्यात म्हणाली, आणि शेजारच्या मिसेस क्विम्बींनी ते वाक्य दुपारच्या आत अर्ध्या पॅसाडेनात पोचवलं. मग कुणाला कुणाची टोपी आवडली नाही, चर्चमधलं प्रवचन आवडलं नाही, की लोक तेच म्हणत आणि हसत. ऑर्फाच्या कानावर ते येई. ती हसत नसे.

हेव्याची तिला लहानपणापासून सवय होती, जशी कुणाला दम्याची असते. कधी उसळेल सांगता येत नसे, आणि उसळला की ती गप्प बसून तो ओसरायची वाट बघे. हेवा असायचा तो एकाच माणसाबद्दल, तिच्या धाकट्या बहिणीबद्दल. लिओटाकडे जे होतं ते आपल्याला मिळावं असं तिला कधी वाटलं नाही. लिओटा जिच्याकडे, ज्याच्याकडे वळे, त्याचा तिला राग येई. घरातली मांजर लिओटाच्या मांडीवर बसे तर ऑर्फा त्या मांजरीला गुपचूप मासा घालून आपल्याकडे वळवे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईशी लिओटाची मैत्री झाली, दोघींनी समुद्रावर जायचं ठरवलं. ऑर्फाने वाद घातला नाही. तिने त्यांच्यासाठी फराळाची टोपली भरली, इतकी मोठी आणि इतकी जड की ती उचलायला तिसरं माणूस लागलं. अशी ऑर्फाही त्यांच्याबरोबर समुद्रावर गेली. तिचा हेवा असा होता, सतत कुणाच्या तरी मदतीला धावणारा.

वडिलांच्या फुप्फुसांसाठी हे कुटुंब आयोवाची शेती विकून कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत आलं होतं. आई आयोवातच पुरलेली. वडील इथे चांगले टिकले. व्हरांड्यात बसून संत्री सोलत बरीच वर्षं जगले आणि शेवटी पायऱ्यांवरून पडून गेले. मागे दोघी बहिणी उरल्या. त्यांनी दारांचे पडदे करायला सुरुवात केली. नदीच्या कोरड्या पात्राकाठी तेव्हा ठेंगण्या छपरांची, उघड्या तुळयांची नवी घरं उठत होती, आणि त्या घरांना जाड्याभरड्या तागाचे, मातकट रंगांचे पडदे लागत. ऑर्फा मागावर कापड विणी आणि रंगवी, लिओटा त्यावर भरतकाम करी. मागच्या अंगणात त्यांचा रेडवूडचा मोठा टब होता. ऑर्फाचे रंग झाडपाल्याचे आणि लोखंडाचे. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेलं पाणी घातलं की कुठलाही भडक रंग मान खाली घालतो, हे तिला ठाऊक होतं. ते लोखंडाचं पाणी टबाच्या काठावर जिथे जिथे सांडलं होतं, तिथे ते तांबूस लाकूड दौतीत बुडवल्यासारखं काळं पडलं होतं. घासून निघत नसे. लिओटा म्हणे, "टबाला पण तू सुतक लावलंस, ऑर्फी."

गाव दोघींनाही मिस हार्लन म्हणे. कोणत्या मिस हार्लन, असं कुणी विचारत नसे.

मग मायलो हॅच आला. रस्त्याच्या टोकाला त्याची रोपवाटिका होती. विधुर माणूस, उंच, कानांवर ऊन लागून साल निघालेली. गुलाबाचं कलम विकायला आला, कॉफीला थांबला, आणि पुढच्या वेळी कलम आणायला विसरला तरी कॉफीला थांबलाच. चाळिशी ओलांडलेली लिओटा त्याच्यासमोर हसू लागली. हे हसू ऑर्फाने आधी कधी ऐकलं नव्हतं. भिंतीपलीकडे कुणीतरी अनोळखी बाई राहायला आली आहे असं तिला वाटे.

लिओटाशी लग्न ठरलं, आणि मायलोने नदीकाठी जागा घेऊन घर बांधायला काढलं. त्या वर्षांत आमच्याकडे हा एक धर्मच झाला होता. लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे, दगड दगडासारखा, आणि होईल तेवढं आपल्या हाताने केलं पाहिजे. बँकेतले कारकून संध्याकाळी तांब्याच्या पत्र्याचे दिवे ठोकत बसत. डॉक्टरांच्या बायका टोपल्या विणत, आणि त्या टोपल्या कलंडल्या तर त्याचंही कौतुक होई. मायलोनेही सांगून टाकलं होतं, सांगाडा सुतार उभारतील, पण आतल्या लाकडाला रंग मी स्वतः देणार.

त्या सकाळी तो फरच्या लाकडाच्या तीन फळ्या घेऊन आला. तिन्हींना दुकानातल्या डब्यांचे वेगवेगळे रंग लावलेले. एक गडद तपकिरी, एक शेवाळी, एक राखाडीकडे झुकणारा. त्याने त्या व्हरांड्याच्या कठड्याला टेकवून ठेवल्या. मिसेस क्विम्बी आपल्या कुंपणाशी पाणी घालत होत्या. एकाच झाडाला बराच वेळ.

"जेवणघराला छातीपर्यंत फळ्या येणार," मायलो म्हणाला. "सांगा, मिस हार्लन. मला काही कळत नाही. रोपांचं बरं असतं, पाणी घातलं की रंग आपोआप येतो."

"लिओटाला काय आवडलं?" ऑर्फाने विचारलं.

"मला तो तपकिरी बरा वाटतो," लिओटा म्हणाली. "मायलोलाही तोच वाटतो."

ऑर्फाने फळी हातात घेतली, उजेडात तिरकी धरली. "हा रंग लाकडावर बसलाय. आत गेलेला नाही. पावावर काकवी ओतावी तसा."

"मला काकवी आवडते," मायलो म्हणाला.

"तुम्हाला आवडेलच."

कुंपणापलीकडून मिसेस क्विम्बी म्हणाल्या, "घर धाकटीचं आणि नाक मुरडते थोरली. हेवा वाटतो वाटतं, ऑर्फा?"

त्यावर ऑर्फा ते वाक्य बोलली.

त्या रात्री भांडी पुसताना लिओटाने विषय काढला. घराच्या उत्तरेला एक खोली होती. मोठी खिडकी, सावलीचा एकसारखा उजेड, रंग पारखायला हवा तसा. मागे अंगणात टब ठेवायलाही जागा होती. ती खोली तुझी, असं तिने याआधी सांगून झालं होतं. ऑर्फाने ना हो म्हटलं होतं ना नाही.

"मायलोनेच आखून घेतली ती," लिओटा म्हणाली. "मी सांगायच्या आधी."

"दयाळू आहे."

"असं म्हणू नकोस ना. तू आली नाहीस तर मी तिथे काय करू? पडदे कोण रंगवणार?"

"दुकानात डबे मिळतात."

लिओटाने हातातली बशी खाली ठेवली. "ठीक आहे. जेवणघराचा रंग तू कर. डबे नकोत. तू करशील तो लावू, मग ते घर तुझंही होईल. मग तरी येशील?"

 पहाटे उठून ऑर्फाने खिळ्यांची बरणी पुढे ओढली. अक्रोडाच्या हिरव्या साली कुटून उकळल्या, गाळल्या, त्यात लोखंडाचं पाणी थोडं थोडं सोडलं. फरच्या कोऱ्या फळीवर एक हात दिला, वाळू दिला, पुसला, फिकट झाला, पुन्हा दिला. काही दिवस तिच्या हातांना त्याचाच वास येत होता. शेवटी जो रंग उतरला तो लाव्याच्या पाठीसारखा होता. इथल्या टेकड्यांवर लावे पक्षी घोळक्याने पळतात. लांबून करडे दिसतात, जवळ आले की त्या करड्यात ऊब असते. फरच्या रेघा त्या रंगाखालून शांतपणे दिसत होत्या.

लिओटाने ती फळी सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, दिवा लावल्यावर पाहिली. मग मायलोला फोन करायला मिसेस क्विम्बींकडे धावली, कारण टेलिफोन त्यांच्याकडेच होता. परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. "हाच," ती म्हणाली. "ऑर्फी, हाच गं."

ऑर्फाला त्या दिवशी वाटलं की दमा ओसरला. जेवणघर माझं झालं, तिने मनाशी म्हटलं. ती दोघं रोज माझ्या रंगात बसून जेवतील. तिने बरणीभर, मग दुसरी मोठी बरणी भरून रंग केला. उत्तरेच्या खोलीत माग कुठे ठेवायचा याचाही ती विचार करू लागली. पण लिओटाच्या बोलण्यात हळूहळू "मायलो म्हणतो" यायला लागलं होतं. मायलो म्हणतो, कॉफी इतकी उकळू नये. मायलो म्हणतो, कपाटाला तांब्याच्या मुठी बसवू. जिथे पूर्वी "आपण" असायचं तिथे लिओटा आता "आम्ही" म्हणायची, तिच्या लक्षातही न येता. ऑर्फा ते ऐकून घेई आणि धागे ओढी.

एका शुक्रवारी लिओटा पडदे पोचवायला गेली होती. मायलो आपली घोडागाडी घेऊन दाराशी आला. हसत होता, पण आवाज खाली ठेवून.

"चला माझ्याबरोबर. दाखवायचंय काहीतरी. तिला सांगायचं नाही."

नव्या घरात भुशाचा वास होता, आणि भुशाच्या वर आणखी एक, गोडसर. जेवणघराच्या दारात मायलो बाजूला झाला. भिंतींना छातीपर्यंत फळ्या बसवून झाल्या होत्या. त्या फरच्या नव्हत्या. तांबूस, सरळ रेघांच्या, हात फिरवला तर मऊ. रेडवूड होतं.

"उत्तरेकडून मागवलं," मायलो म्हणाला. "फरचं सगळं सुताराला परत न्यायला लावलं. तिला पत्ता नाही. उद्या दिवसभर बसून तुमचा रंग देतो, आणि रविवारी चर्चमधून थेट इकडेच आणतो तिला."

ऑर्फाने फळीवर तळवा ठेवला होता. सांगायचं एवढंच होतं की या लाकडावर तो रंग चालत नाही. लोखंड आणि रेडवूड एकत्र आलं की शाई होते. ती मागे वळलीच होती सांगायला.

"तिच्यासाठी हेच लाकूड हवं होतं," मायलो म्हणाला. "तो तुकडा ठेवते ना ती शिवणाच्या डब्यात, तुमचा टब नवा आला तेव्हा सुताराने तासलेला. अजून वास घेते त्याचा. म्हणाली, आमचं सगळं त्या टबापासून सुरू झालं. तुम्हाला तर माहीतच असेल."

"हो," ऑर्फा म्हणाली.

तिला माहीत नव्हतं. तो शिवणाचा डबा दोघींचा होता. ती रोज त्यात हात घालत होती. सुया कुठे, अंगुस्तान कुठे, तुटकी बटणं कुठल्या कप्प्यात, हे तिला अंधारातही सापडलं असतं. आणि त्यात एक लाकडाचा तुकडा इतकी वर्षं होता, कापडात गुंडाळलेला असेल, तळाशी असेल. तो तिला कधी दाखवला गेला नव्हता. त्याला दाखवला होता. लिओटाने तो जपला कशापायी, हे मायलोने आत्ताच सांगितलं होतं, पण ते शब्द तिच्यापर्यंत पोचले नाहीत. पोचलं ते एवढंच, की याला माहीत आहे आणि मला नाही.

"बरणी मी आजच गाडीत टाकून आणतो," मायलो म्हणत होता. "काही सांभाळायचं असेल तर सांगून ठेवा बाई. झाडाला खत जास्त झालं तर ते निदान मान टाकून दाखवतं. लाकूड काय दाखवणार?"

ऑर्फाने हात फळीवरून काढला.

"पातळ हात द्या," ती म्हणाली. "एकावर एक, दोन. आणि ओलं असताना काळं दिसेल. ओलं असेपर्यंत घाबरायचं नाही. वाळलं की खुलतं."

"घाबरायचं नाही," मायलोने पाठ केल्यासारखं म्हटलं.

फरच्या बाबतीत यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. गाडीतून घरी येताना ऑर्फा हेच मनाशी घोळवत राहिली, की मी एकही खोटा शब्द बोललेली नाही.

शनिवारी ती मागावर बसली. लिओटा खिडकीशी भरत होती आणि गुणगुणत होती. नवं घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आत्ता त्याने रंगाची बरणी उघडली असेल. आत्ता एक भिंत झाली असेल, आणि तो घाबरत नसेल. एका भिंतीपर्यंत तरी थांबवता येईल. ऑर्फाने दोनदा धोटा खाली ठेवला. तिसऱ्यांदा ती उठली, टोपी घातली, टोपीची पिन खोचली.

"कुठे निघालीस?" लिओटाने विचारलं.

"येते जरा."

फाटकाशी मिसेस क्विम्बी उभ्याच होत्या. "रंग बघायला का? मघा मी तिथून आले तर दार लावून आतून गातोय तो. बेसूर. सुखी माणसं बेसूरच गातात मेली. जा, जा, बघून ये. तुझ्याच रंगाचं कौतुक चाललंय."

"पोस्टात जातेय," ऑर्फा म्हणाली.

आणि म्हटलं म्हणून ती पोस्टात गेली. तिथे तिचं काही काम नव्हतं. खिडकीपाशी रांग होती, त्या रांगेत ती उभी राहिली, तिचा नंबर आला तेव्हा एक तिकीट घेतलं आणि घरी आली. वाटेत उजवीकडे वळलं की नदीचा रस्ता लागतो. ते वळण तिने दोन्ही वेळा पाहिलं.

रविवारी चर्चमध्ये मायलो नव्हता. लिओटाला त्याची गंमत वाटली. चर्चनंतर नव्या घरी जेवायचं ठरलं होतं, म्हणून तिने घरून थंड कोंबडी, मक्याचा पाव आणि जर्दाळूचा मुरंबा टोपलीत भरून आणला होता. "काहीतरी शिजतंय त्याच्या मनात," ती रस्ताभर सांगत होती. "तुला माहीत आहे, हो ना? तोंडावरून कळतंय तुझ्या."

मायलो दारातच उभा होता. अंगावर कालचाच शर्ट. हात कोपरापर्यंत काळे.

"आधी ऐकून घे," तो म्हणाला. मग तो बाजूला झाला.

जेवणघर शेगडीच्या पोटासारखं झालं होतं. छातीपर्यंत चारी भिंती काळ्या, नुसत्या काळ्या नाहीत, निळसर, जखम जुनी झाल्यावर होते तशा. खिडकीतून सकाळचं ऊन आत येत होतं आणि त्या फळ्यांवर पडून नाहीसं होत होतं. एका कोपऱ्यात मायलोने कशानेतरी घासून पाहिलं होतं; तिथे लाकूड खरवडलेलं होतं आणि तरीही काळंच होतं.

"मला वाटलं वाळलं की खुलेल," मायलो म्हणाला. "मग वाटलं रात्रीतून वाळेल. लाकूड मी बदललं होतं, लिओटा. रेडवूड घातलं, तुला आवडतं म्हणून. तुला न सांगता. ही सगळी माझ्या शहाणपणाची फळं."

लिओटा भिंतीपाशी गेली. तिने बोटांची टोकं फळीवर टेकवली, वाकून वास घेतला. इतकी वर्षं ती ऑर्फाच्या शेजारी उभी राहून कापड पिळत आली होती. लोखंडाचं पाणी रेडवूडला काय करतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ऑर्फाला माहीत होतं लाकूड बदललंय ते?" तिने भिंतीकडेच बघत विचारलं.

"शुक्रवारी दाखवलं ना मी त्यांना. त्यांना बोल लावू नकोस हं. सगळं नीट समजावून सांगितलं त्यांनी मला. पातळ हात द्या, ओलं असेपर्यंत घाबरू नका. त्यांचा रंग फरसाठी होता. दुसऱ्या लाकडावर काय होईल हे त्यांना काय ठाऊक असणार?"

ऑर्फा दाराजवळ उभी होती, टोपी डोक्यावर तशीच. आता लिओटा वळेल, तिने मनाशी म्हटलं, आता बोलेल. तिची त्यासाठी तयारी झाली होती. काल पोस्टाच्या रांगेत उभं राहून तिने याचीच तयारी केली होती. शिवणाच्या डब्याचं ती तोंडावर बोलून दाखवणार होती. रडणार नव्हती.

लिओटा वळली. तिने ऑर्फाकडे पाहिलं, बराच वेळ. तिच्या चेहऱ्यावर राग यायला लागला होता, पण तो पुरता आला नाही. तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसलं. आयोवाहून निघताना आगगाडीत, झोपलेल्या वडिलांच्या अंगावरून, आता आपण दोघीच, असं म्हणत ती ऑर्फाकडे जशी बघत होती तसं.

"हो," ती म्हणाली. "तिला काय ठाऊक असणार."

"रंधा मारून काढू आपण," मायलो म्हणाला. "सुताराला उद्याच बोलावतो. खोल गेलंय, पण निघेल. मग मिस हार्लन, तुम्ही सांगाल ते. नाहीतर डब्यातला—"

"काही मारायचा नाही रंधा."

"लिओटा, हे कोळशाचं कोठार झालंय गं."

"असू दे. ऑर्फाने केलेला रंग आहे. मी तिला शब्द दिला होता की तिचाच लावू." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "मी यात जेवेन. सवय होते माणसाला."

मायलोने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. त्याला काही उमगलं नाही, पण काहीतरी उमगण्यासारखं आहे एवढं जाणवलं असावं, कारण त्याने काळे हात पाठीमागे घेतले.

लिओटाने सुतारांच्या दोन घोड्या ओढल्या, त्यावर एक कोरी फळी टाकली. टोपलीतून रुमाल काढून फळीवर अंथरला, त्याच्या कडा सरळ केल्या. कोंबडी मांडली, पाव कापला, मुरंब्याच्या बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. मग बशा. एक मायलोपुढे, एक स्वतःपुढे. तिसरी तिने खिडकीच्या बाजूला ठेवली, जिथे उजेड चांगला होता, आणि तिच्यासमोर एक रिकामं खोकं उलटं करून सरकवलं.

"बस, ऑर्फी," ती म्हणाली. "उत्तरेच्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते आज ठरवून टाकू. तू करशील तोच देऊ."

ऑर्फा त्या बशीकडे बघत राहिली; भांडणाची तयारी तिने केली होती, याची नव्हती. मायलोने आदराने खोकं खिशातल्या रुमालाने पुसलं. लिओटा पावाला मुरंबा लावत होती, वर न बघता, कडेपर्यंत, ऑर्फाला आवडतो तसा.

ऑर्फाने टोपीची पिन चाचपली, दाराकडे वळली, आणि बाहेर निघून गेली.